कालबैशाखी

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा समुद्र उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण ज्या वादळांना नावे दिली जातात, ज्यांच्या मार्गाचे नकाशे चार-चार दिवस आधी वर्तमानपत्रांतून छापून येतात आणि ज्यांच्यासाठी सरकारी खाती होड्या, दोरखंड व धान्याची पोती घेऊन किनाऱ्यावर तैनात होतात, ती सारी सागराच्या पोटी जन्मलेली असतात. परंतु गंगेच्या मुखाकडील बंगालच्या मुलखात चैत्र-वैशाखाच्या दिवसांत शेतकरी आणि नावाडी ज्या दिशेकडे नजर लावून असतात, ती दिशा समुद्राची नसून वायव्येची, म्हणजे छोटा नागपूरच्या तापलेल्या, तांबूस मातीच्या पठाराची असते. तिकडून येणारे वादळ दुपारी जन्मास येते, दिवेलागणीच्या सुमारास ऐन भरात असते आणि मध्यरात्र उलटण्यापूर्वी बहुधा संपूनही जाते. स्वतंत्र नामकरणाचा मान मिळण्याइतके आयुष्यच त्याच्या वाट्यास येत नाही. बंगाली माणसाने या अख्ख्या जातीला मिळून ‘कालबैशाखी’ म्हटले, इंग्रजी अमदानीतील दप्तरांत तिची नोंद ‘नॉरवेस्टर’ अशी झाली, आणि आसामात तिच्याच नात्यातील वादळाला ‘बोरदोइसिला’ म्हणतात.

हवामानशास्त्राच्या दृष्टीने पाहता कालबैशाखी हे पुष्कळदा एक वादळ नसतेच. गडगडाटी ढगांची ती एक रांग असते. शंभर, दोनशे, कधी त्याहूनही अधिक किलोमीटर लांब आणि आघाडीच्या भागात अवघी दहा-वीस किलोमीटर रुंद. अशा रांगेला चंडवातरेषा म्हणतात. वैमानिक व खलाशी ‘स्क्वॉल लाइन’ म्हणूनच तिला ओळखतात. चंडवात कशास म्हणावे याचीही व्याख्या ठरलेली आहे. वाऱ्याचा वेग एकाएकी निदान 16 नॉटने वाढला पाहिजे, वाढून तो 22 नॉट म्हणजे ताशी सुमारे 40 किलोमीटर तरी झाला पाहिजे आणि या अवस्थेत तो कमीत कमी एक मिनिट टिकला पाहिजे. सोसाट्याच्या वाऱ्याला कारकुनी मापाने असे मोजणे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते. परंतु या एका मिनिटाच्या अटीमुळेच क्षणभर येऊन जाणारा झोत आणि संपूर्ण गावावरून सरकत जाणारी थंड हवेची लाट यांतील भेद नोंदवहीत उतरतो, आणि या प्रकरणाचा विषय ती लाट हाच आहे.

समशीतोष्ण प्रदेशांतही वादळांच्या अशा रांगा निघतात. तेथे मात्र त्यांची जुळवाजुळव बहुधा अगोदरच झालेली असते; ध्रुवाकडून आलेली थंड हवा आणि विषुववृत्ताकडून आलेली उष्ण हवा यांच्या सरहद्दीवर ढग आपोआप ओळीने उभे राहतात. उष्ण कटिबंधात अशी तयार सरहद्द सहसा मिळत नाही. एप्रिल महिन्यात रांची, धनबाद, पुरुलिया, कोलकाता या साऱ्या टापूत दुपारी पारा पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास घोटाळत असताना थंड हवा आणायची तरी कोठून, असा प्रश्न कोणासही पडावा. उष्ण कटिबंधातील चंडवातरेषेचे खरे आश्चर्य या प्रश्नाच्या उत्तरात आहे: ती आपली थंडी स्वतःच निर्माण करते, आणि तीही आपल्याच पावसातून.

प्रथम रंगभूमीची मांडणी पाहू. उन्हाळ्याच्या मध्यावर बंगालच्या उपसागरावरून दक्षिणेचा दमट वारा जमिनीलगत उत्तरेकडे शिरतो. हा थर फार जाड नसतो, एक-दीड किलोमीटरच्या आसपास. त्याच्या डोक्यावरून उत्तर भारताच्या तप्त मैदानांवरून आलेला पश्चिमेचा किंवा वायव्येचा कोरडा वारा वाहत असतो. या दोन थरांच्या सांध्यावर पुष्कळदा उष्ण हवेचे एक झाकण बसलेले असते, आणि त्या झाकणामुळेच पुढील सारा अनर्थ संभवतो. कारण ते नसते तर सकाळपासून लहानसहान ढग उठून थोडा थोडा पाऊस पडला असता आणि खालच्या हवेत साठलेली ऊर्जा किरकोळीत खर्च होऊन गेली असती. झाकण असल्यामुळे ती दुपारपर्यंत साठत राहते. समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंचीचे रांचीचे पठार भर उन्हात तापले, तेथील हवा उसळली आणि झाकण एखाद्या ठिकाणी फुटले, की दोन-तीन वाजण्याच्या सुमारास पहिला ढग पाहता पाहता बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. त्या पहिल्या ढगात विशेष असे काही नसते. आपल्याकडे वैशाखात वळवाच्या पावसाचा जो ढग येतो तोच हा; तासाभरात गडगडून, बरसून विरून जायचा.

परंतु त्याचा पाऊस ज्या हवेतून खाली येतो ती हवा कोरडी असते, आणि येथेच कथेला वळण लागते. कोरड्या हवेतून पडणाऱ्या थेंबांचा काही अंश वाटेतच वाफ होऊन जातो आणि त्या वाफेला लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. ही घट किती मोठी असते याचा हिशेब सोपा आहे: एक किलोग्रॅम हवेत एक ग्रॅम पाणी विरले तर ती हवा सुमारे अडीच अंश सेल्सिअसने थंड होते, म्हणजे अवघे चार ग्रॅम, चमचाभरही नव्हे इतके पाणी एक किलो हवेला दहा अंशांनी गार करू शकते. थंड हवा जड, म्हणून ती खाली कोसळू लागते. खाली येताना दाबाखाली येऊन ती किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंशांनी तापावयास हवी. पण पाऊस तिच्या बरोबरीने पडत असतो, विरत असतो, आणि तापण्याचा हा हिशेब सतत चुकता करीत असतो. परिणामी जमिनीपर्यंत पोचते ती भोवतालच्या हवेहून पुष्कळ थंड व जड हवा, आणि जमिनीने तिला पुढे जाण्यास मज्जाव केल्यामुळे ती चहूबाजूंस पसरू लागते. वरचा थर जितका कोरडा, तितके विरणे अधिक आणि तितका हा लोंढा जोरकस. म्हणून ज्या दिवशी आकाशातील मधल्या उंचीवरची हवा अगदी रुक्ष असते, तो दिवस पावसाच्या दृष्टीने निरुपद्रवी समजणारा मनुष्य फसतो.

पसरणाऱ्या या थंड हवेच्या थराची जाडी साधारण एखादा किलोमीटर, कधी त्याहून अधिक असते. त्याची पुढची कड समोरच्या उष्ण, दमट हवेखाली पाचरीसारखी शिरते आणि तिला उचलते. उचललेल्या हवेतून नवा ढग उठतो, त्या ढगाचा पाऊस मागच्या थंड साठ्यात भर घालतो आणि साठा पुन्हा पुढे सरकतो. शेजारशेजारच्या तीन-चार ढगांचे असे लोंढे एकमेकांत मिसळले की त्यांची एकच सलग आघाडी तयार होते आणि सुट्या ढगांचे सैन्य रांगेत उभे राहते. यापुढे वादळाला पठाराची गरज उरत नाही, दुपारच्या उन्हाचीही उरत नाही. रांचीपासून कोलकात्यापर्यंतचे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर अंतर ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या गतीने तोडून, सूर्य मावळल्यावरही, ते दमट हवेच्या प्रदेशात स्वतःच्या हिमतीवर चालत राहते. कोलकात्याला कालबैशाखी बहुधा संध्याकाळी का गाठते याचे कारण या साध्या त्रैराशिकात आहे.

आता एक शंका राहते. लोंढा जर ढगाहून वेगाने पुढे धावला, तर तो ढगाला मागे टाकून जाईल आणि ढगाचा दाणापाणीच तुटेल. वळवाचा एकाकी ढग तासाभरात मरतो तो असाच, आपल्याच थंडीने पायाखालची उष्ण हवा लोटली गेल्यामुळे. मग रांग सहा-सहा तास कशी जगते? याचे उत्तर उंचीनुसार बदलणाऱ्या वाऱ्यात सापडते. खाली दक्षिणेचा आणि वर वायव्येचा वारा असल्यामुळे चढत्या हवेचा स्तंभ वादळाच्या वाटचालीच्या दिशेने, म्हणजे पुढे कलू पाहतो. उलटपक्षी थंड लोंढ्याची कड त्याच स्तंभाला मागे, आपल्या अंगावर ओढू पाहते. या दोन ओढींचा तोल साधला तर स्तंभ उभा राहतो, आणि जेवढा वेळ तो उभा राहील तेवढा वेळ रांग जगते. रोटुनो, क्लेम्प आणि वाइसमन या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1988 मध्ये हा विचार गणिताच्या भाषेत मांडला. त्यावर वाद पुष्कळ झाले व होत आहेत, कारण निसर्गातील रांगा या आदर्श तोलापासून ढळूनही बराच काळ टिकलेल्या आढळतात; तथापि वाऱ्याच्या या उभ्या फरकाविना चंडवातरेषा दीर्घायुषी होत नाही, एवढ्या मुद्द्यावर मतभेद नाही. महाराष्ट्रात वळवाचे ढग बहुधा सुटे-सुटे येतात आणि शिस्तबद्ध रांग क्वचितच धरतात, त्याचे एक कारण आमच्या अक्षांशांवर उन्हाळ्यात वरच्या पश्चिमी वाऱ्याचा जोर बंगालच्या मानाने कमी असतो, हेही असावे.

रांग एखाद्या वेधशाळेवरून जाते तेव्हा उपकरणांवर जो मजकूर उमटतो तो ठरलेला असतो. दिवसभर वाहणारा दक्षिणेचा वारा मंदावतो, क्वचित अगदी पडतो. क्षितिजावर करड्या ढगाची लांबच लांब कमान दिसू लागते. मग काही मिनिटांत वारा दिशा बदलून वायव्येचा होतो व त्याचा जोर दुप्पट-तिप्पट वाढतो, पारा आठ-दहा अंशांनी उतरतो, आणि वायुभारमापकाची रेघ खाली न जाता झटकन काही मिलिबार वर उडी घेते. समुद्री चक्रीवादळात भार उतरतो, येथे चढतो. कारण डोक्यावर एकाएकी जड, थंड हवेचा थर येऊन बसलेला असतो. पाऊस येतो तो या सर्वांनंतर, म्हणजे ज्या पावसाने हा वारा निर्माण केला तोच पाऊस वाऱ्याच्या मागून पोचतो. मुसळधार सर बहुधा अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. त्यानंतर मात्र ढगांच्या माथ्यावरून मागे पसरलेल्या हिमकणांच्या विस्तीर्ण छतातून एक शांत, सलग, रटाळ पाऊस तासन्‌तास पडत राहतो, ज्याकडे भिजून घरी आलेल्या माणसाचे लक्ष जात नाही आणि शास्त्रज्ञांचेही फार काळ गेले नव्हते.

ते लक्ष वेधले गेले समुद्रावर. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड झिप्सर यांनी 1967 साली प्रशांत महासागरातील लाइन बेटांजवळ झालेल्या मोहिमेची निरीक्षणे तपासून 1969 मध्ये दाखवून दिले की, अशा वादळाच्या पाठीमागे खाली उतरणारी थंड, कोरडी हवा फार मोठ्या क्षेत्रावर पसरते. पुढे 1974 च्या उन्हाळ्यात सेनेगलची राजधानी डाकार येथे मुख्य ठाणे ठेवून ‘गेट’ नावाची आंतरराष्ट्रीय मोहीम अटलांटिकवर काढण्यात आली. सुमारे 40 संशोधननौका आणि डझनभर विमाने तीत होती, आणि शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिका व सोव्हिएत संघ यांची जहाजे एकाच कामगिरीवर असावीत ही गोष्ट हवामानशास्त्राच्या लौकिकास शोभणारी होती. नौकांवरील रडारनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरणाऱ्या रांगा टिपल्या. त्यांतील एकीचा तपशीलवार अभ्यास करून रॉबर्ट हाउझ यांनी 1977 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा त्या रांगेच्या एकूण पावसापैकी सुमारे 40 टक्के पाऊस मागच्या त्या रटाळ भागातून पडल्याचे निघाले. गर्जना करणाऱ्या आघाडीला सारे श्रेय देण्याची जुनी सवय यामुळे सोडावी लागली.

आफ्रिकेच्या या रांगांची दखल ब्रिटिश वसाहतीतील अंमलदारांनी पूर्वीच घेतली होती. हॅमिल्टन व आर्चबोल्ड यांनी 1945 मध्ये नायजेरियाच्या हवामानावर जो प्रबंध प्रसिद्ध केला त्यात या रांगांचे वर्णन आहे. तेथे सगळी मांडणी बंगालच्या आरशातील प्रतिमेसारखी उलटी असते: जमिनीलगत गिनीच्या आखातावरून आलेला नैर्ऋत्य मोसमी वारा, त्याच्यावर सहाराची कोरडी हवा आणि तीन-चार किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून धावणारा वाऱ्याचा झोत, म्हणून रांगा पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. दारफुर, एअर, जोस यांसारख्या डोंगराळ भागांवर दुपारी ढग उठतात आणि रात्रभरात शेकडो किलोमीटर पश्चिमेस पोचतात. सुदानात जमीन उघडी व भुसभुशीत असल्याने थंड हवेची कड धुळीची भिंतच उभी करून आणते. खार्टूमचे लोक तिला हबूब म्हणतात, आणि राजस्थान-उत्तर प्रदेशातील आंधी पुष्कळदा याच कुळातली असते. 2 मे 2018 रोजी आग्रा, भरतपूर व आसपासच्या जिल्ह्यांत शंभराहून अधिक माणसे दगावली ती अशाच वादळात. मलाक्काच्या सामुद्रधुनीतील ‘सुमात्रा’ नावाच्या रांगा त्या मानाने सौम्य. त्या रात्री सुमात्रा बेटावर किंवा सामुद्रधुनीवर तयार होऊन पहाटेच्या सुमारास सिंगापुरावर येतात, कामावर निघालेल्यांना भिजवतात आणि दुपारपर्यंत विसरल्याही जातात.

कालबैशाखी विसरली जात नाही. 17 एप्रिल 2018 च्या संध्याकाळी कोलकात्यावर काही मिनिटांच्या अंतराने दोन तडाखे बसले. दुसऱ्याचा वेग ताशी 98 किलोमीटर नोंदला गेला, झाडे व भिंती कोसळून शहरात व लगतच्या जिल्ह्यांत डझनभराहून अधिक माणसे मेली. शहरात मृत्यू येतो तो पडणाऱ्या वस्तूंमुळे. नदीवर तो सरळ येतो. पूर्व बंगालच्या नद्या म्हणजे तेथील राजरस्ते, आणि मेघनेसारख्या नदीचे पात्र इतके रुंद की मध्यभागी असलेल्या लाँचला काठ गाठण्यास वेळच पुरत नाही. 3 मे 2002 च्या रात्री अशाच वादळात ‘सलाहुद्दीन-2’ ही प्रवासी लाँच मेघनेत बुडाली आणि चारशेहून अधिक उतारू प्राणास मुकले. गारांचा उपद्रव वेगळाच: 14 एप्रिल 1986 रोजी बांगलादेशातील गोपालगंज येथे पडलेली 1.02 किलोग्रॅमची गार ही जगातील आजवरची सर्वांत वजनदार गार म्हणून जागतिक हवामान संघटनेने नोंदली आहे. त्या गारपिटीत 92 जणांचा बळी गेला. 26 एप्रिल 1989 रोजी माणिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर-साटुरिया भागात सुमारे 1300 माणसांचा संहार झाला तो मात्र चक्रवाताने, म्हणजे फिरणाऱ्या सोंडेने. तिचा जन्म एकाच प्रचंड ढगात होतो. थंड लोंढ्याच्या सरळ वाऱ्याशी तिची गल्लत करू नये. हंगाम तोच, दमट व कोरड्या थरांची मांडणीही तीच, म्हणून लोकव्यवहारात सर्व काही कालबैशाखीच्या खाती मांडले जाते इतकेच.

जमाखर्चाची दुसरी बाजूही आहे. याच पावसावर बंगालमध्ये तागाची व आउस भाताची पेरणी साधते, आसामातील चहाच्या मळ्यांना पालवी फुटते. मालद्याच्या आमराईत मात्र याच वाऱ्याने कच्च्या कैऱ्यांचा सडा पडतो. एकाच सरीने एकाचे साधावे आणि दुसऱ्याचे बुडावे, यात वादळाचा पक्षपात शोधण्यात अर्थ नाही. पिकांच्या तारखाच निराळ्या आहेत.

भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 मधली, आणि तिच्यामागील प्रेरणांत 1864 च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळाचा धाक मोठा होता. साहजिकच समुद्री वादळाच्या इशाऱ्यांचा बंदोबस्त आधी झाला आणि या अल्पायुषी वादळाकडे पद्धतशीर लक्ष नंतर गेले. खात्याचे मुख्यालय सिमल्याहून 1928 साली पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. मुख्यालय 1944 मध्ये दिल्लीस गेले, आणि बंगालच्या नॉरवेस्टरांवरील खात्याची तांत्रिक टिपणी प्रसिद्ध झाली तीही 1944 चीच. पुढल्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदमला रडार आले आणि ज्या रांगा तोवर वेधशाळांच्या तारांवरून तर्काने जुळवाव्या लागत, त्या पडद्यावर सरकताना दिसू लागल्या. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘स्टॉर्म’ नावाचा खास कार्यक्रम पूर्व व ईशान्य भारतासाठी हाती घेण्यात आला. नंतर बांगलादेश, नेपाळ व भूतान यांनाही त्यात सामील करून घेतले गेले, जे आवश्यकच होते, कारण थंड हवेच्या लोंढ्याला सरहद्दीवर परवाना दाखवावा लागत नाही.

इतके होऊनही भाकिताची हद्द आखूडच आहे. आज दुपारी वादळास अनुकूल परिस्थिती आहे, हे सकाळी खात्रीने सांगता येते. झाकण पुरुलियावर फुटेल की धनबादवर, हे सांगता येत नाही. आणि रांग एकदा रडारवर दिसली की मग दोन-तीन तासांचा अवधी हाती असतो. हा अवधी थोडा आहे असे मी म्हणणार नाही. लाँच धक्क्यावर रोखून धरण्यास, शेतातील माणसाला पक्क्या छपराखाली येण्यास, विमान दुसऱ्या विमानतळावर वळवण्यास तो पुरतो. कमी पडते ती इशारा घाटावरच्या सारंगापर्यंत पोचण्याची वाट, आणि पोचल्यावर उतारूंनी भरलेली लाँच थांबवून ठेवण्याचा त्याचा अधिकार व धैर्य.

जूनमध्ये मोसमी पाऊस बंगालात स्थिरावला की कालबैशाखीचा अंमल संपतो. पाऊस तेव्हा कितीतरी अधिक पडतो, पण जमिनीपासून पार वरपर्यंत हवा दमट झालेली असल्याने थेंब वाटेत फारसे विरत नाहीत, थंड साठा दुबळा राहतो आणि वरचा पश्चिमी वाराही हिमालयापलीकडे निघून गेलेला असतो. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिण कडेला असलेल्या साहेलच्या पट्ट्यात असे घडत नाही. तेथे जुलै-ऑगस्टच्या ऐन पावसाळ्यातही सहाराची कोरडी हवा डोक्यावर कायम असते आणि पूर्वेचा झोतही चालू असतो, त्यामुळे तेथील पावसाळा म्हणजे एकामागून एक जाणाऱ्या चंडवातरेषांचीच मालिका होय. बाजरीच्या त्या मुलखात वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा या मोजक्या रांगांतून मिळतो, आणि एखादी रांग ऐन पेरणीनंतर चाळीस-पन्नास किलोमीटर उत्तरेकडून निघून गेली, तर खालच्या गावाला पुन्हा बियाणे शोधावे लागते.